उत्तर चुकलं म्हणजे कोण चुकलं?

अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडप्यांची घरं ९,०१,९९७ भरली. सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या जनगणना ब्युरोनं हाच आकडा ६,४६,४६४ वर आणला. अडीच लाखांहून जास्त घरं यादीतून गेली आणि त्यातलं एकही घर मोडलं नव्हतं. ही घरं स्त्री-पुरुष जोडप्यांचीच होती. दोघांपैकी एकाच्या नावापुढे, लिंगाच्या रकान्यात, खूण चुकून शेजारच्या चौकोनात पडली होती.

टपालानं फॉर्म परत न पाठवणाऱ्यांच्या घरी प्रगणक जात. त्यांच्या हातातला फॉर्म तक्त्यासारखा होता. माणूस बदलला की ओळ बदलायची, आणि त्या ओळीत नातं, लिंग, वय अशी उत्तरं आडवी एकाला एक लागून. दारात उभं राहायचं, समोरच्याचं ऐकायचं, पुढचा प्रश्न डोक्यात जुळवायचा आणि त्याच वेळी बोटभर अंतरावरच्या दोन चौकोनांपैकी नेमक्या एकात खूण करायची. घरी बसून भरलेल्या फॉर्मपेक्षा या फॉर्मवर चुका जास्त निघाल्या. त्या पकडल्या गेल्या नावांवरून. सहसा बाईचंच असणारं नाव आणि खूण पुरुषाच्या चौकोनात, अशा जोड्या शोधून काढल्या गेल्या.

आता हिशेब बघा. एकत्र राहणारी स्त्री-पुरुष जोडपी सहा कोटींच्या घरात. सरासरीनं हजारात चारेक जोडप्यांच्या बाबतीत खूण सरकली. हजारात चार हे प्रमाण कुठल्याही कारकुनी कामात शाबासकी मिळण्याजोगं आहे. पण मोठ्या गटातली ही चिमूटभर चूक लहान गटात जाऊन पडली आणि तिथं ती डोंगराएवढी झाली. कुणी खोटं बोललं नव्हतं. नमुना चुकीचा निवडला असंही नव्हतं, कारण जनगणनेत नमुना नसतोच, सगळेच मोजले जातात. चूक झाली ती डोळा, हात आणि कागद जिथं एकत्र येतात तिथं. या जागेचा अभ्यास करणारे लोक आहेत, त्यांचं एक शास्त्र आहे, आणि तरीही बहुतेक सर्वेक्षणांत त्यांना शेवटी, जमलंच तर, बोलावलं जातं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: सार्वजनिक पैशातून होणाऱ्या किंवा सार्वजनिक निर्णयांना आधार म्हणून वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही सर्वेक्षणाचा आकडा, प्रश्नावली माणसांवर तपासून पाहिल्याची नोंद सोबत नसेल, तर अपुरा समजावा. अहवालात ‘३ टक्के अधिक-उणे’ असं छापलेलं असतं. ते फक्त किती जणांना विचारलं याबद्दल बोलतं. त्यांना प्रश्न कळला का, बटण सापडलं का, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. आणि वाचणारा मात्र ते ‘अधिक-उणे’ बघून निर्धास्त होतो.

‘उत्तरदात्याची चूक’ हा शब्दप्रयोग सर्वेक्षणवाल्यांच्या तोंडी सर्रास असतो. विमानवाहतुकीत एकेकाळी ‘वैमानिकाची चूक’ असंच म्हणत. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ जातीची अमेरिकन बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर उतरल्यानंतर पोटावर आपटत. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप आत घ्यायचे असत आणि तो ओढायचा चाकांचा खटका. अल्फोन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट बघितलं तेव्हा दोन्ही खटके जवळजवळ आणि एकसारखे निघाले. दुसऱ्या काही विमानांत, जिथं ते वेगळे होते, तिथं हा प्रकार घडत नव्हता. मग एका खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि दुसऱ्याला पाचरीच्या आकाराची मूठ, एवढा बदल सुचवला गेला. हाताला न बघता फरक कळायला लागला. ‘ह्यूमन फॅक्टर्स’ ही ज्ञानशाखा अशा कामांतून उभी राहिली. तिचा पाया हाच की, अनेक शहाणी माणसं एकाच जागी एकसारखी चुकत असतील तर माणसांवर खापर फोडण्याआधी ती जागा तपासा.

सर्वेक्षणांच्या जगात हा विचार उशिरा पोचला. १९८३ मध्ये अमेरिकेत आकलनशास्त्रज्ञ (माणूस कसा समजून घेतो, कसा आठवतो याचा अभ्यास करणारे) आणि सर्वेक्षणतज्ज्ञ यांना मुद्दाम एका बैठकीत एकत्र आणलं गेलं. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्रात, कामगार सांख्यिकी ब्युरोत आणि जनगणना ब्युरोत प्रश्नावल्या तपासण्याच्या प्रयोगशाळा निघाल्या. रॉजर टूरँग्यू यांनी उत्तर देण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजणं, आठवणं, अंदाज बांधणं आणि शेवटी समोरच्या पर्यायांत तो बसवणं. आज हे उघड वाटतं. पण त्याआधीची कित्येक वर्षं, प्रश्न विचारला की आत तयार असलेलं उत्तर बाहेर येतं, असंच गृहीत धरून काम चाललं होतं.

या प्रयोगशाळांत चालतं काय? समजा, प्रश्न आहे: ‘गेल्या १२ महिन्यांत तुम्ही स्वतःच्या प्रकृतीसाठी किती वेळा डॉक्टरांकडे गेलात?’ कागदावर यात खोट काढायला जागा नाही. समोर बसलेल्या माणसाला सांगितलेलं असतं, मनात जे येईल ते मोठ्यानं बोला. तो सुरू होतो. ‘गेल्या वर्षी… म्हणजे जानेवारीपासून धरू ना? दाताच्या डॉक्टरकडे तीनदा गेलो, पण ते दाताचं. फिजिओथेरपी डॉक्टरच्याच दवाखान्यात होते, पण करणारा डॉक्टर नसतो. रिपोर्ट दाखवायला गेलो होतो, दोन मिनिटांत बाहेर आलो, ते कशाला मोजायचं? फोनवर एकदा बोललो. लिहा, चार.’ संशोधक मधे काही सुचवत नाही. फक्त विचारतो, ‘चार कसे धरलेत?’ मग कळतं की महिने बारा नव्हते, डॉक्टर म्हणजे त्याच्या लेखी फक्त औषध लिहून देणारा, आणि भेट म्हणजे बसून बोलणं झालं तरच. पुढच्या माणसाचा हिशेब वेगळा, त्याच्या पुढचीचा आणखी वेगळा. तिघांनीही ‘चार’च लिहिलं असेल, तर अहवालात तिन्ही ‘चार’ एकाच स्तंभात बसतात आणि त्यांची बेरीज होते. त्या बेरजेला मग दोन दशांश स्थळंही लावली जातात.

शब्दांमुळे होणारा गोंधळ त्यातल्या त्यात जास्त चर्चेत येतो, म्हणून तो आवरता घेतो. दोन उदाहरणं मात्र सोडवत नाहीत. डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ असं विचारल्यावर ६२ टक्के लोक ‘देऊ नये’ म्हणाले. पण त्यांवर ‘बंदी घालावी का’ असं विचारल्यावर ‘घालावी’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. व्यवहारात दोन्हींचा परिणाम एकच. दुसरं उदाहरण १९९३ साली प्रसिद्ध झालेलं. रोपर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेनं अमेरिकनांना साधारण असं विचारलं होतं: नाझींनी ज्यूंचा संहार केला हे कधी घडलंच नाही, असं असणं तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य? २२ टक्के म्हणाले, शक्य वाटतं. देशभर हलकल्लोळ माजला. पाचातला एक माणूस इतिहास नाकारतो, असे मथळे झाले. पुढच्या वर्षी नकारांचा गुंता सोडवून तोच प्रश्न सरळ विचारला, तर ते प्रमाण १ टक्क्यावर आलं. प्रश्न पहिल्यांदा छापण्याआधी दहा-बारा जणांसमोर वाचून त्यांना ‘म्हणजे काय म्हणालात?’ एवढं जरी विचारलं असतं तरी पुढचं टळलं असतं.

शब्दांपलीकडचं जे आहे, त्याकडे प्रश्नावली लिहिणारे विद्वान सहसा ‘ते सजावटवाले बघतील’ म्हणून दुर्लक्ष करतात. डॉन डिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग त्यांनी बघावेत. महिना आणि वर्ष लिहून घ्यायचं होतं. महिना दोन अंकी, वर्ष चार अंकी. दोन सारखे चौकोन आणि त्यांच्यापुढे ‘महिना’, ‘वर्ष’ असे शब्द ठेवले तेव्हा जेमतेम ५५ टक्के लोकांनी हव्या त्या पद्धतीनं लिहिलं. महिन्याचा चौकोन लहान, वर्षाचा मोठा, आणि शब्दांच्या जागी दोन व चार अक्षरांच्या खुणा (MM, YYYY), असे बदल एकेक करत नेल्यावर हेच प्रमाण ९६ टक्क्यांवर गेलं. प्रश्न तोच, माणसं तशीच. सूचनेचं लांबलचक वाक्य वाढवून हे साधलं नसतं, कारण सूचना कुणी वाचत नाही. (सूचना लिहिणारेही दुसऱ्यांच्या सूचना वाचत नाहीत.)

पर्यायांच्या यादीचंही तेच. नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये जर्मनीत लोकांना रोज किती टीव्ही बघता ते विचारलं. एका गटाला अर्ध्या तासापासून सुरू होऊन ‘अडीच तासांहून जास्त’ इथं संपणारे पर्याय दिले. दुसऱ्या गटाची यादी ‘अडीच तासांपर्यंत’ इथून सुरू होत होती. अडीच तासांहून जास्त बघतो म्हणणारे पहिल्या गटात १६.२ टक्के, दुसऱ्यात ३७.५ टक्के. माणूस यादीकडे बघून ओळखतो की सर्वसाधारण लोक मधे कुठंतरी असणार, आणि स्वतःला त्याच्या आसपास नेऊन ठेवतो. स्क्रीनवर नुसतं चित्र असलं तरी फरक पडतो: वेबवरच्या एका प्रयोगात तंदुरुस्त बाईचं छायाचित्र शेजारी दिसल्यावर लोकांनी स्वतःच्या प्रकृतीला कमी गुण दिले. प्रश्नावलीत निव्वळ सजावट असं काही नसतं. कागदावर जे जे दिसतं त्याचा उत्तर देणारा अर्थ लावतो, मग ते तिथं कुणी मुद्दाम ठेवलेलं असो वा नसो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की चांगले ॲप बनवणारे लोक आणून बसवले की काम झालं. मला हे पटत नाही, आणि या क्षेत्रातल्या पुष्कळ जणांशी माझा मतभेद इथेच सुरू होतो. वापरसुलभतेची, म्हणजे वस्तू वापरायला किती सोपी आहे याची, जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आयएसओ ९२४१-११ या मानकात आहे, तिच्यात तीन गोष्टी येतात: काम नीट होणं, कमी श्रमात होणं आणि समाधान वाटणं. तिकीट काढायचं असेल तर तिन्ही एकाच दिशेला जातात. सर्वेक्षणात तसं होत नाही. झटपट आणि समाधानानं भरलेली प्रश्नावली खोट्या उत्तरांनी ठासून भरलेली असू शकते. आधीच एक पर्याय निवडून ठेवला तर भरणाऱ्याचे श्रम वाचतात आणि उत्तराचं वाटोळं होतं. सरकपट्टीचं बटण मधोमध ठेवलं तर बघायला छान दिसतं, आणि ज्यानं त्याला हातही लावला नाही त्याचंही मत मध्यम म्हणून नोंदलं जातं.

हर्बर्ट सायमन यांची एक कल्पना आहे: माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, चालण्याजोगं सापडलं की थांबतो. जॉन क्रॉस्निक यांनी १९९१ मध्ये ती सर्वेक्षणांना लावली. प्रश्न अवघड, आच कमी, मग माणूस पहिला बरा पर्याय निवडतो, तक्त्यातल्या वीसही ओळींत एकाच रकान्यात खुणा करत खाली जातो, किंवा ‘माहीत नाही’वर बोट ठेवून सुटका करून घेतो. अशा माणसासाठी वाट आणखी गुळगुळीत करणं हा उपाय नव्हे. उलट फार वेगानं पुढे जाणाऱ्याला ‘जरा सावकाश वाचा’ असा संदेश दाखवल्यावर काहींची गती खरोखर कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे काही ठिकाणी खरखर मुद्दाम ठेवावी लागते. बटण शोधण्याचा, फॉर्म उलगडण्याचा, लहान अक्षरांचा त्रास शून्यावर आणायचा. आठवण्याचा आणि विचार करण्याचा त्रास मात्र द्यायचाच. हे दोन त्रास वेगळे ओळखणं हे खरं कौशल्य. ज्यांचं यश ‘किती जणांनी शेवटपर्यंत भरलं’ यावर मोजलं जातं, त्यांच्याकडून ते होण्याची आशा कमी आहे.

वापरसुलभतावाल्यांच्या स्वतःच्या घरातही एक गंमत आहे. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची एक मोजपट्टी जगभर वापरली जाते. वस्तू वापरायला सोपी आहे का ते तिच्यावर मोजतात. तिच्यात एक विधान कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं, असं आलटून पालटून येतं. उद्देश हा की भरणाऱ्यानं डोळे झाकून खुणा करू नयेत. जेफ सॉरो आणि जेम्स लुईस यांनी २०११ मध्ये तपासलं, तर या अदलाबदलीचा फायदा काही दिसला नाही. भरणारे चुकतच होते, आणि त्यांनी पाहिलेल्या अभ्यासांपैकी ११ टक्क्यांत खुद्द संशोधकांनीच गुण मोजताना उलट विधानं सुलट करायचं राहून गेलं होतं. सोपेपणा मोजण्याचं साधनच तज्ज्ञांना अवघड गेलं, तर सामान्य उत्तरदात्याला ‘निष्काळजी’ म्हणताना जीभ जरा आवरावी.

प्रगणकाकडे परत येतो, कारण तो नेहमी विसरला जातो. त्या तक्त्यासारख्या फॉर्मची चाचणी घ्यायची तर ती दारात उभ्या असलेल्या माणसावर घ्यायला हवी, टेबलाशी बसलेल्या स्वयंसेवकावर नाही. प्रयोगशाळांचा हा दोष मला मोठा वाटतो. तिथं येतात ते वेळ असणारे, बोलके, बहुधा शिकलेले लोक. खोली शांत, उजेड पुरेसा, स्क्रीन मोठी. नजरेचा माग घेणारी यंत्रं लावून रंगीत नकाशे काढले जातात, आणि ते बैठकीत दाखवायला झकास असतात. खऱ्या जगात प्रश्नावली उघडते ती तडा गेलेल्या फोनवर, भर उन्हात, मागून कुणीतरी हाक मारत असताना. किंवा जी बाई उत्तर देणार तिच्या शेजारी नवरा उभा असताना. ज्यांना वाचणं जड जातं, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना स्क्रीनवरचा मजकूर कुणाकडून तरी ऐकावा लागतो, त्यांच्यापासून चाचणी सुरू व्हावी. त्यांना जमलं तर बाकीच्यांना जमतंच. उलट मात्र होत नाही. वातानुकूलित खोलीतून उंटावरून शेळ्या हाकणारं संशोधन करण्यापेक्षा दोन दुपारी प्रगणकामागून फिरणं जास्त शिकवतं.

‘दहा-पंधरा माणसांवर घेतलेली चाचणी शास्त्रीय कशी?’ असा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ घेतात. दहा माणसांवरून किती टक्के लोक चुकतील हे सांगता येत नाही, हे खरंच. पण तो दावा कुणी करत नाही. पहिल्या सहापैकी तिघं ‘गेल्या १२ महिन्यां’चा अर्थ ‘जानेवारीपासून’ असा घेत असतील, तर प्रश्नात खोट आहे हे कळायला हजार माणसं लागत नाहीत. ती दुरुस्त झाली का हे मोजायला मात्र मोठे गट आणि दोन पर्यायांची तुलना हवी. ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं स्वस्त आहे, म्हणूनच ते न करण्याला सबब उरत नाही.

खर्च आणि वेळ यांचं कारण पुढे केलं जातं तेव्हा बहुधा वेगळंच घडलेलं असतं. प्रश्नावली समितीत मंजूर झाली, छपाईला गेली, प्रगणकांचं प्रशिक्षण ठरलं, आणि मग कुणीतरी म्हणतं, एकदा तपासून घेऊ. हे वरातीमागून घोडं. तपासणारा चार दोष दाखवतो. त्यातला एक, अक्षरांच्या आकाराचा, दुरुस्त होतो आणि बाकीचे ‘पुढच्या वेळी’साठी टिपून ठेवले जातात. म्हणून नुसती चाचणी सक्तीची करून भागणार नाही. ती मंजुरीच्या आधी व्हावी, तपासणाऱ्याला प्रश्न थांबवण्याचा अधिकार असावा, आणि त्याचा अहवाल अंतिम आकड्यांबरोबर प्रसिद्ध व्हावा: कुणावर तपासलं, ते कुठं अडले, काय बदललं, आणि दोष कळूनही काय बदललं नाही. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. तिच्यामुळे वाचणाऱ्याला कळेल की कुठल्या आकड्यावर किती भार टाकायचा. पत्रकारांनीही ‘किती जणांना विचारलं’ याच्या जोडीला ‘नेमकं काय आणि कसं विचारलं’ याची मागणी करावी. पडद्याचं किंवा पानाचं चित्र मिळत नसेल तर बातमी थांबवावी.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला जातो तेव्हा त्याची किंमत सातत्यात असते. शब्द बदलले तर बदल समाजात झाला की प्रश्नात, हे सांगता येत नाही. अमेरिकेत बेरोजगारीचा दर ज्या मासिक सर्वेक्षणातून निघतो, त्याच्यापुढे हाच पेच होता. जुन्या प्रश्नावलीत सुरुवातीला विचारत, गेल्या आठवड्यात बहुतेक वेळ तुम्ही काय करत होतात? आणि समोर कोण आहे ते बघून प्रश्नकर्ता शब्द बदलत असे: गृहिणी वाटली तर ‘घरकाम की आणखी काही?’, कोवळा तरुण असेल तर ‘शाळा-कॉलेज की आणखी काही?’ घर सांभाळून अर्धवेळ कमावणाऱ्या बाईचं काम या पहिल्याच प्रश्नात झाकलं जाई. नव्या प्रश्नावलीत सगळ्यांना सारखंच आणि थेट विचारायचं ठरलं: गेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी काही काम केलंत का? पण ती एकदम लागू केली नाही. जुलै १९९२ ते डिसेंबर १९९३ असे १८ महिने नवी प्रश्नावली जुनीच्या शेजारी, वेगळ्या घरांत, चालवून पाहिली. तिच्यात बायकांच्या रोजगाराची नोंद जास्त आली. जानेवारी १९९४ पासून नवी प्रश्नावली अधिकृत झाली, आणि जुन्या मालिकेशी ती कशी जोडायची याचा हिशेब तोवर हातात आला होता. मालिका तुटेल म्हणून सदोष प्रश्न तसाच ठेवणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की शेजारी शेजारी चालवून बघण्यासाठी त्यांनी किती निधी मागितला होता.